वर्षाआधी काढायचा नाही

धुळे, आग्रा रोड
१४ ऑक्टोबर १९७०

सुपडू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी शिव्या खा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुझं पाकीट आलं. नाव आईचं, म्हणजे वाचायचं मलाच, हे तुला चांगलं ठाऊक. तरी पाच वर्षांत मला म्हणून एक ओळ नाही. ते जाऊ दे, मी तरी कुठं लिहिली? पण लेका, पाच वर्षं आईला काय कळवत होतास? 'ऑफिसात कारकुनी आहे, काळजी नसावी.' अन् पाकिटातून काय निघतं, तर तू रणगाड्यावर उभा! तोफेच्या नळीवर हात टाकून, दात काढून! मी चष्मा पुसला, परत पाहिलं. तुझी आई म्हणते, "हे काय हो? रस्ता दाबायचं इंजिन का?"  तिला सांगितलं, हो, तसलंच काहीतरी.

सोनगीरचा झुलाल रजेवर आलाय, तुमच्याच पलटणीत ट्रक चालवतो तो. त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "नाना, सुपडू गनर आहे. ती तोफ तोच मारतो." मी तिथंच त्याच्या ओट्यावर बसलो. अरे, ज्या पोराच्या आधीची तीन गेली, ज्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवला अन् परत उचलून आणला, म्हणून नाव सुपडू पडलं, ते पोर जाऊन बसलं कुठं, तर तोफेमागं! तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते कळत नाही.

तुझा राग मला ठाऊक आहे. चार गिऱ्हाइकांसमोर मी तुझ्या थोबाडीत दिली. फ्लायव्हीलवर तू पाना विसरलास, इंजिन सुरू केलं तसा तो सुटून माझ्या कानाजवळून भिंतीत घुसला. मी म्हणालो, यंत्रापाशी सैल वस्तू ठेवणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही. तू हात धुतलेस अन् दुपारच्या एस.टी.नं गेलास तो गेलासच. चूक तुझी होती हे मी आजही म्हणतो. पण मारायला नको होतं, हेही म्हणतो. पाच वर्षं लागली म्हणायला.

झुलालबरोबर एक पुडकं देतोय. माझी पद्धत तुला माहीत आहे. रावेरच्या केळीच्या मळ्यांपासून शिरपूरपर्यंत जेवढी इंजिनं बसवली, त्या प्रत्येकाला पूजेचा नारळ लाल फडक्यात बांधला. वर्ष पुरं होईपर्यंत काढायचा नाही. वर्षानं नवा बांधायचा, जुना तापीत सोडायचा. आजवर माझ्या एकाही इंजिनानं माणूस खाल्लेला नाही. या खंडेनवमीला हत्यारांबरोबर एक नारळ तुझ्या रणगाड्याच्या नावानं पुजला. आत, तू बसतोस तिथं जवळ बांध. गाठ मीच मारली आहे, तू फक्त टांग.

आता आशीर्वाद.

जीवराम


धुळे
१२ डिसेंबर १९७०

चि. सुपडू, अनेक आशीर्वाद. आज आधी लिहिले बघ.

तुझं आठ पानी पत्र मी गॅरेजात मोठ्यानं वाचलं. सगळे पाने खाली ठेवून ऐकत बसले. आईलाही सांगून टाकलं एकदाचं. दोन दिवस तिनं माझ्याशी धड बोलणं टाकलं. मग मी तिला तू लिहिलेलं वाचून दाखवलं की समोरचा लोखंडी पत्रा मुद्दाम तिरका बसवलेला असतो, समोरून आलेला गोळा सरळ घुसायच्या ऐवजी घसरून जावा म्हणून. तिनं पोळपाट तिरका धरला, त्यावर वाटाणा सोडून पाहिला. मग म्हणाली, "बरं, असू दे." तेव्हा तिला काय समजलं ते समजलं.

पण इंजिनाचं वाचून मला रात्रभर... नाही, चार दिवस दुसरं काही सुचेना! सहा सिलिंडर अन् बारा पिस्टन? एका सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर, अन् मधे डिझेल फुटणार? हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, वर क्रँक एक अन् खाली एक? अरे देवा! मी तीस वर्षं हेड उघडून लोकांची इंजिनं नीट करतो, अन् हे म्हणतात हेडच नाही! मी खडूनं फरशीवर काढून पाहिलं. तुझी आई पुसायला आली तर तिच्यावर ओरडलो. एकोणचाळीस टनांचं धूड ते हलवतं, अन् काळ्या मातीत आपल्या ट्रकपेक्षा कमी रुततं म्हणतोस, पट्ट्यावर भार वाटला जातो म्हणून. हे मात्र पटलं.

आणि ती तोफ. गाडी खड्ड्यातून उसळत चालली तरी नळी निशाणावरून हलत नाही, हे मी आधी खोटंच मानलं. मग आठवलं, कोंबडी हातात धरून अंग हलवलं तरी तिची मान जागची हलत नाही. लगेच शेजारच्यांची कोंबडी आणून गिऱ्हाइकांना दाखवलं. आधी लहान गोळ्या झाडून अंतर बघायचं, त्या लागल्या की मग मोठा गोळा, हेही दाखवलं असतं, पण कोंबडीवाली आली.

तुझ्या डाव्या अंगाला तोफेत गोळे भरणारा पुना आपल्या साक्रीकडचा निघाला, हे वाचून आई खूश झाली. अहिराणी बोलायला माणूस मिळाला ना? त्याला आमचा रामराम सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लिहितोस की साहेबांनी आतलं सगळं सैल सामान काढायचा हुकूम दिलाय, नारळ काढू का? सैल? माझी गाठ सैल? अरे, माझ्या गाठीवर विहिरीत पंप उतरतात! वर्षाआधी काढायचा नाही म्हणजे नाही. पूजेचा नारळ मधेच काढणं म्हणजे यंत्राला तोंड उघड म्हणून सांगणं. तुझ्या साहेबाला यातलं काय कळतंय? कुठं दिसणार नाही असा आडोशाला बांध. पाच वर्षांनी बापानं एक गोष्ट पाठवली, तीही ठेवायची नसेल तर तसं सांग, मी समजेन की मला मुलगा नाही.

थंडी पडली आहे. भरीत झालं की तुझी आई एक घास बाजूला काढून ठेवते, मग मीच खातो.

नाना


धुळे
३ मार्च १९७१

सुपडू,

काय झालंय? खरं सांग.

दोन महिने पत्र नाही. काल झुलालचं त्याच्या घरी पत्र आलं, त्यात एकच ओळ की फेब्रुवारीत तोफा मारायच्या मैदानावर अपघात झाला, रणगाड्यात एकाचा हात गेला. नाव नाही! ओळ लिहिली अन् नाव लिहायला त्याच्या पेनातली शाई संपली का? त्याच्या घरचे म्हणतात, सुपडू असता तर लिहिलं असतं. मी म्हणतो, सुपडू असता तर लिहिलं नसतं.

आईला ठाऊक झालंय. चूल पेटवते, भाकरी थापते, स्वतः खात नाही. मी काल एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात तेल न घालता हँडल मारत होतो. पोरांनी ओरडून थांबवलं.

तुझा हात आहे ना? दुसऱ्याकडून लिहवून घेऊ नको. तुझ्या अक्षरात दोन ओळी लिही, अक्षर कसंही असू दे.

नाना


धुळे
२४ मार्च १९७१

चि. सुपडू,

तुझं अक्षर पाहिलं अन् पत्र न वाचताच आईला हाक मारली. ती धावत आली. आधी आम्ही दोघं रडलो, मग वाचलं. 

पुनाचा उजवा हात, मनगटापासून. अरे अरे अरे! चोवीस वर्षांचं पोर. तू एवढंच लिहितोस की 'आत एक सैल वस्तू होती, ती तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या कडेला अडकली, पुना काढायला गेला अन् तेवढ्यात बुरुज फिरला.' बुरुज फिरवणारा तू, हेही तू लिहिलंस.  पण त्यात तुझा काय दोष? तुला हुकूम झाला, तू तोफ वळवली.

दोष कोणाचा ते मी सांगतो. ज्यानं ती वस्तू आत ठेवली त्याचा. मग तो कोणी का असेना. असल्या माणसाला मी माझ्या गॅरेजच्या पायरीवर उभा करणार नाही. एका पोराचा हात खाल्ला त्यानं! चौकशी बसली आहे म्हणतोस, अन् तू तिथं 'मला माहीत नाही' असं म्हणणार? का? कोणाला पाठीशी घालतोस? दोस्त असेल, साहेब असेल, कोणी असेल, नाव सांग अन् मोकळा हो. पुनाच्या आईला निदान कळू दे की तिच्या पोराचा हात कोणामुळे गेला.

आपला नारळ नीट आहे ना? तो होता म्हणून तू तरी वाचलास असं तुझी आई म्हणते. मीही तेच म्हणतो.

नाना


धुळे
१७ मे १९७१

सुपडू,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली.

परवा सोनगीरच्या किल्ल्याखाली मिलिटरीचा मोठा ट्रेलर बंद पडला. वर ताडपत्रीखाली रणगाडा. ओढणाऱ्या ट्रकचा डिझेल पंप बसला होता. तिथला हॉटेलवाला म्हणाला, धुळ्याहून जीवरामनानाला आणा. मी गेलो. तीन तास उन्हात खपलो, पंप सुरू केला. त्यांचा हवालदार साताऱ्याकडचा, बोलका माणूस. म्हणाला, "काय द्यायचं, नाना?" मी म्हणालो, काही नको, आत बसू द्या पाच मिनिटं. माझा मुलगा गनर आहे.

त्यानं वरचं झाकण उघडलं. मी आत उतरलो.

सुपडू, तू आठ पानं लिहिलीस, अन् हे का नाही लिहिलंस? बाहेरून घराएवढा, अन् आत आपल्या न्हाणीएवढी जागा नाही! त्यात तिघं. चौथा ड्रायव्हर पुढं एकटा, पार वेगळा. मला वाटत होतं आत इंजिनाच्या खोलीसारखं काहीतरी असेल, खुंटी असेल, कोपरा असेल. कोपरा कुठंच नाही. जिथं हात जाईल तिथं लोखंड. तुझ्या जागेवर बसलो तर गुडघे छातीला. गोळे पायाशी, बाजूला, पाठीमागं. मी विचारलं, आग लागली तर गनर बाहेर कसा येतो? तो म्हणाला, त्याला वेगळं झाकण नाही, मागचा कमांडर आधी निघेल, मग गनर. एवढं सहज म्हणाला! 

मग त्यानं मला पुनाच्या जागी उभं केलं अन् हातानं दांडा फिरवून बुरुज थोडा वळवून दाखवला. मी ज्या फळीवर उभा ती फळी माझ्यासकट फिरली. बाजूचे गोळ्यांचे कप्पे मात्र जागच्या जागी. दोन्हीमधे एक फट. मी मेकॅनिक माणूस, सवयीनं बोटं पुढं केली. त्यानं माझा हात धरून मागं ओढला. म्हणाला, "तिथं नको, नाना. फेब्रुवारीत दुसऱ्या एका पलटणीत तिथंच एकाचा हात गेला, आम्हाला सगळ्यांना बजावलंय."

मी विचारलं, कसा?

तो म्हणाला, "गनरनं आत नारळ बांधला होता. लाल फडक्यात. नारळ सुकला, गाठ ढिली झाली, घसरून फटीत आला."

त्यानं पुढं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तोंड हलताना दिसत होतं.

मला वर कोणी काढलं आठवत नाही. रस्त्याच्या कडेला बसलो होतो. कोणीतरी पाणी दिलं. हवालदार म्हणत होता, उन्हाचा त्रास झाला, आत फार तापतं. मी मान हलवली. 'तो नारळ मी पाठवला' असं त्याला म्हणालो नाही. त्यानं चहा पाजला, सलाम ठोकला, तो मी घेतला. हे तुला लिहिताना लाज वाटते.

गाठ ढिली झाली. माझी गाठ. मी ओला नारळ बांधला, पाणी आटून तो आत सुकला की फडकं सैल पडणार, हे माझ्या गॅरेजातल्या कोणालाही कळलं असतं. विहिरीवरच्या इंजिनाला टांगलेला पडला तर मातीत पडतो. तिथं माती कुठं आहे? अन् तू विचारलं होतंस! काढू का म्हणून विचारलं होतंस! मी काय लिहिलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

आणि मार्चात मी तुला लिहिलं, नाव सांग अन् मोकळा हो. तू ते वाचलंस तेव्हा काय वाटलं असेल रे? पाना विसरला म्हणून मी तुला घराबाहेर घालवलं. मला कोणी घालवायचं?

मी तुझ्या मोठ्या साहेबांना पत्र लिहितोय. सगळं सांगणार.

नाना


धुळे
९ ऑगस्ट १९७१

चि. सुपडू,

पोचलं तुझं. मे महिन्यातच तू तारेनं 'लिहू नका' कळवलंस अन् मी थांबलो. आता सगळं सविस्तर कळलं.

'माहीत नाही' म्हणणार होतास, ते सोडून तू चौकशीत सांगितलंस की नारळ तू बाजारातून आणलास, तूच बांधलास, हुकूम माहीत असून बांधलास. माझं डिसेंबरचं पत्र चौकशीच्या आधी जाळलंस. अठ्ठावीस दिवस कोठडी भोगलीस. तोफेवरून काढून तुला धान्याच्या कोठारात घातलं. हे सगळं मी पाठवलेल्या एका नारळापायी, अन् वर मलाच समजावतोस, 'नाना, मनाला लावून घेऊ नका.' मी कसा उभा आहे ते माझं मला माहीत.

तू शपथ मागितलीस. दिली. तुझ्या साहेबांना मी पत्र लिहिणार नाही, तुझ्या आईच्या गळ्याची शपथ. झालं?

आता खरं सांगतो, तुझ्याशी खोटं बोलायचं सोडलं आहे. आईला मी सगळं सांगितलं. तिनं एकदाही मला दोष दिला नाही. ती फक्त म्हणाली, "म्हणजे आता तो गहू-तांदूळ मोजतो? तोफेवर नाही?" मी म्हणालो, नाही. तिनं देवापुढं दिवा लावला. म्हणाली, "मग गप बसा. कोणाला काही सांगू नका. लढाई होणार म्हणतात बठ्ठे लोक. माझा पोऱ्या कोठारात आहे ना, राहू द्या तिथं."

आणि मलाही बरं वाटलं. शपथ देताना मनातून सुटल्यासारखं झालं. ती न्हाणीएवढी जागा मी पाहिली आहे, तुझ्या आईनं पाहिलेली नाही. त्यात तू नाहीस, या विचारानं मला झोप लागते. पुनाचा हात गेला, तुझं नाव गेलं, अन् तुझ्या बापाला झोप लागते. वाच अन् काय म्हणायचं ते म्हण.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. 'गाडी माझ्या समोरून जाते, नाना. मी पोती उचलत असतो. खाली बघतो.' ती ओळ मला वाचायला नको होती.

नाना


धुळे
१९ नोव्हेंबर १९७१

चि. सुपडू,

मी पुनाकडे जाऊन आलो.

सहा महिने टाळलं. साक्रीच्या एस.टी.त दोनदा बसून पुढच्या थांब्यावर उतरलो. परवा मात्र गेलो. त्याची आई तानुबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. मी कोण ते सांगितलं, तर उठून पदर सावरून म्हणाली, "सुपडूना बाप? या ना भाऊ, बसा. आमना पुना तेनंच नाव लेत ऱ्हास." तो उठता-बसता तुझं नाव घेतो म्हणे. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं.

पुना डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत होता. पहिलीच्या पोरासारखी वाकडी. उजवी बाही दुमडून पिनेनं टाचलेली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, नारळ माझा होता, मी बळजबरीनं ठेवायला लावला.  तानुबाई दारात होती, तिनंही ऐकलं.

पुना म्हणाला, "मला माहीत आहे नाना. सुपडूनं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं होतं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, वर्ष पुरं करू."

मी विचारलं, मग तू हात का घातलास रे? फटीत काही अडकलं तर हात घालू नये, बुटानं लोटावं, हे तुम्हाला शिकवतात ना? हवालदारानं मला चहा पाजताना सांगितलं होतं.

तो मग म्हणाला, "नाना, पूजाना नारळ. नारळले पाय कसा लावसू?"

सुपडू, हे तू मला कधीच लिहिलं नाहीस. पायात जाड बूट होता. बुटानं ढकलला असता तर फार तर बूट फाटला असता. त्यानं हात घातला, कारण तो नारळ मी पुजलेला होता. मी त्या पोराला ओळखतही नव्हतो. माझ्या पूजेचा मान राखायला त्यानं हात दिला. मी तिथं ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडलो. साठीला आलेला माणूस, लोकाच्या अंगणात.

तानुबाई शेंगांची पाटी उचलून आत गेली. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली, कप माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "हात गया. पन पोऱ्या डोयासमोर शे." एवढंच. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. ते बरोबरच आहे.

मी निघालो तसा पुना फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "सुपडूला गनवर परत घ्यायला सांगा कोणीतरी. रेंजवर पहिलाच गोळा निशाणावर घालणारे दोन-तीनच होते, त्यातला तो. आता त्याच्या जागी नवं पोरगं बसलंय, त्याला अंतर धरता येत नाही. आमचा ड्रायव्हर, आमचा कमांडर त्याच गाडीत आहेत, नाना. लढाई तोंडावर आली. नेम चुकला तर दुसरा गोळा मारायला वेळ मिळत नाही, तोवर समोरचा मारतो." मी म्हणालो, मी साहेबांना लिहू शकत नाही, शपथ घातली आहे. तो म्हणाला, "तिकडे हल्ली येणारी-जाणारी सगळी पत्रं साहेब उघडून वाचतात. पलटण पुढं गेली ना, म्हणून." एवढं बोलून तो वळला.

मी दोन दिवस विचार केला. आज सकाळी आईला समोर बसवून हे पत्र इथपर्यंत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुढं काय लिहिणार?" मी सांगितलं. ती उठून परसात गेली. अजून तिथंच आहे.

सुपडू, तुझ्या हातातलं काम मी दोनदा काढून घेतलं. एकदा थोबाडीत देऊन, एकदा नारळ पाठवून. आता गप्प बसून तिसऱ्यांदा घेणार नाही. शपथ मोडत नाही. साहेबांना मी पत्र लिहिलेलं नाही, हे तुलाच लिहिलं आहे. पण वाचणारा वाचत असेल तर मी त्याला डोळे मिट म्हणू शकत नाही.

साहेब, रामराम. मी जीवराम, इंजिन मेकॅनिक, धुळे. तो नारळ माझा. काढू का असं माझ्या मुलानं मला विचारलं होतं, मी नको म्हणालो, अन् काढलास तर मला मुलगा नाही असं लिहिलं. ते पत्र त्यानं माझ्यासाठी जाळलं. तो तुमच्याशी खोटं बोलला ते एवढंच. हुकूम मोडला हे खरं, त्याची शिक्षा त्यानं भोगली. पुनाला विचारा, तो हेच सांगेल. मला काय शिक्षा असेल ती कळवा, सांगाल त्या दिवशी हजर होतो.

मी तुमच्या रणगाड्यात बसून आलो आहे. गनरला बाहेर पडायला वेगळं झाकण नाही, हे मला माहीत आहे. तरी विनंती करतो, सुपडूला त्याच्या जागेवर घ्या. आम्ही नवरा-बायको मनानं तयार आहोत, असं लिहिणार होतो. त्याची आई तयार नाही. मीही नाही. तरी घ्या.

जीवराम